राजीनाम्यावर सही करण्याआधी थांबा

आज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मावसभावाला भेटून आलो. आठ वर्षं झाली, टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला आहे. अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं, तेव्हापासून त्यांच्या ऑर्डरींची घडी बसलेलीच नाही. आता साहेब म्हणतात, "राजीनामा लिहून दे, हिशेब लगेच करतो."

मी त्याला म्हटलं, दादा, सही अजिबात करू नकोस.

वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढलं, तर कायद्याने एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई मिळते. आपणहून राजीनामा दिला की ती गेली. ग्रॅच्युइटी वेगळी, पाच वर्षं भरली की तिचा हक्क राहतो. पीएफचं पासबुकही उघडून बघा, दर महिन्याला पैसे जमा होतायत ना? वहिनींनी तिथेच मोबाईलवर पाहिलं.

आणि त्याचं कसब केवढं! टॉवेल उजेडापुढे धरतो, सुटलेला धागा बोटाने बरोब्बर टिपतो. कापड हातात घेऊन वजनाचा अंदाज सांगतो. पण बायोडाटात एकच ओळ: 'टॉवेल कंपनीत काम.' असं लिहिलं तर कुणाला काय कळणार? रोज किती माल तपासतो, कोणते दोष पकडतो, सगळं यायला हवं. रविवारी आम्ही दोघं मिळून तो नव्याने लिहितोय.

होजिअरी, गारमेंट, कुठेही तपासणीचं काम असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. सोलापूरच्या बाहेर जायचीही त्याची तयारी आहे.