सहा-बी, सहा-बी : एका कर्नल क्रॅशचा माग

फोटोत चौदा ओळी होत्या आणि त्यातली एकही कामाची नव्हती.

मी एका यूएसबी सेन्सर बोर्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहीत होते. बोर्ड तासन्‌तास नीट चालायचा. वायर काढली की मात्र दहा-वीस वेळांतून एकदा मशीन जागच्या जागी गोठायचं. स्क्रीनवर जे काही उरलं होतं त्याचा मी फोनने फोटो काढला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोसळताना जो क्रॅश रिपोर्ट छापतो त्याचं डोकं वर असतं : काय बिघडलं, कोणत्या फंक्शनमध्ये, कुठली प्रोसेस चालू असताना. ते सगळं सरकून गेलं होतं. शेपटीत उरले होते प्रोसेसरच्या रजिस्टरांचे आकडे. (२०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या कर्नलपासून पॅनिकच्या वेळी, म्हणजे कर्नल पूर्ण थांबतो तेव्हा, स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवायची सोय झाली आहे. माझा कर्नल त्याच्याही आधीचा.)

म्हणून आधी रिपोर्ट पूर्ण हातात येईल अशी व्यवस्था केली. नेटकन्सोल लावून कर्नलचे संदेश शेजारच्या मशीनकडे पाठवले. शिवाय पीस्टोअर चालू केलं. ते शेवटचा लॉग फर्मवेअरच्या मेमरीत लिहून ठेवतं, त्यामुळे रीबूटनंतरही तो मिळतो. फक्त तुकड्यांचा क्रम उलटा असतो, पहिला तुकडा म्हणजे लॉगचा शेवट. हे कळेपर्यंत मी तासभर एक निरर्थक गोष्ट वाचत बसले होते.

पुढच्या क्रॅशला पूर्ण रिपोर्ट मिळाला. त्यात माझ्याच मॉड्यूलमधल्या (म्हणजे कर्नलमध्ये घालायच्या बांधलेल्या ड्रायव्हरमधल्या) एका फंक्शनचं नाव होतं, पुढे अधिक चिन्ह, ऑफसेट (फंक्शनच्या सुरुवातीपासूनचं अंतर), तिरकी रेघ आणि फंक्शनचा एकूण आकार. दर बूटला कर्नलचा पत्ता बदलतो, त्यामुळे नुसत्या पत्त्याचा उपयोग नसतो. नाव आणि ऑफसेट मात्र टिकतात. मी फंक्शनच्या सुरुवातीच्या पत्त्यात ऑफसेट हाताने मिळवला, तो पत्त्यावरून सोर्समधली ओळ सांगणाऱ्या अ‍ॅडर-टू-लाइनला दिला आणि त्याने एक ओळ दाखवली. ती ओळ होती लॉगमध्ये संदेश छापायची. मी दोन दिवस त्या बिचाऱ्या ओळीमागे हात धुवून लागले.

चूक अगदी बाळबोध होती. क्रॅश झालेलं मॉड्यूल सोमवारचं होतं आणि मी ओळ शोधत होते मंगळवारी पुन्हा बांधलेल्या मॉड्यूलमध्ये. अ‍ॅडर-टू-लाइन तक्रार करत नाही, जो पत्ता द्याल त्याची ओळ दाखवतं. कर्नलच्या सोर्ससोबत येणारी एफअ‍ॅडर-टू-लाइन ही स्क्रिप्ट जास्त खमकी आहे. ती फंक्शनचा आकारही ताडून पाहते. तिला रिपोर्टमधलं नाव, ऑफसेट आणि आकार जसंच्या तसं दिलं, तर आकार जुळत नाही म्हणून तिने सरळ नकार दिला. हा नकार दोन दिवस आधी मिळायला हवा होता.

सोमवारचा बिल्ड कुठे होता? इन्स्टॉल केलेली प्रत होती, पण जागा वाचवायला मी इन्स्टॉल करतानाच डीबगची माहिती (पत्ता आणि ओळ यांची सांगड) काढून टाकत होते. म्हणजे नव्याने क्रॅश घडवून आणणं आलं.

त्यानंतर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक बिल्डनंतर ती व्हीएमलिनक्स (कर्नलची न दाबलेली फाईल), न सोललेली, म्हणजे डीबगची माहिती शाबूत असलेली, सगळी मॉड्यूल्स आणि कॉन्फिग फाईल एका फोल्डरमध्ये ठेवते. फोल्डरचं नाव म्हणजे त्या बिल्डचा आयडी. २०२१ च्या ५.१४ कर्नलपासून स्टॅक ट्रेसमध्येच (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं या यादीतच) बिल्ड आयडी छापायचा पर्याय आहे, तोही चालू केला. आता रिपोर्टच सांगतो की तो कुठल्या बिल्डचा आहे. मग अख्खा रिपोर्ट डीकोड-स्टॅकट्रेस या स्क्रिप्टमधून काढला की प्रत्येक नावापुढे फाईल आणि ओळ येते, इनलाइन झालेली, म्हणजे कंपायलरने दुसऱ्यात मिसळून टाकलेली, फंक्शन्सही उलगडतात.

तरीही वाचायला शिकावं लागलंच. ट्रेसमध्ये ज्या नावापुढे प्रश्नचिन्ह असतं, तो पत्ता स्टॅकवर नुसता पडलेला सापडलेला असतो, तिथूनच कॉल झाला याची खात्री नसते. मी अशाच एकाच्या मागे एक संध्याकाळ घालवली. ट्रेसमधल्या खालच्या नोंदींत असतो तो परतीचा पत्ता, त्यामुळे दिसणारी ओळ कधीकधी खऱ्या कॉलच्या पुढची निघते. आणि टेंट अक्षरांत (कर्नलची अवस्था सांगणाऱ्या खुणांत) 'डी' दिसलं तर समजावं की कर्नल आधीच एकदा कोसळलेला आहे, पहिला रिपोर्ट शोधा. माझ्याकडचे निम्मे रिपोर्ट या दुसऱ्या फेरीतले होते. शिवाय क्रॅश कधी माझ्या ड्रायव्हरमध्ये, तर कधी वर्कक्यूच्या (नंतर करायच्या कामांच्या रांगेच्या) लिस्टमध्ये व्हायचा. त्या कोडशी माझा वरवर काही संबंध नव्हता, आणि त्यामुळे मी मेमरी चिपलाही दोष देऊन पाहिला.

धागा सापडला तो स्लबचं (कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या भागाचं) पॉयझनिंग चालू करून बूट केल्यावर. जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, आणि पत्ता : सहा-बी, सहा-बी, सहा-बी… शेवटी मात्र सात-बी, म्हणजे सोळाने जास्त (हे अंक सोळाच्या पायातले). मोकळी केलेली मेमरी कर्नल सहा-बी या बाइटने भरून ठेवतो. म्हणजे मी मेलेल्या स्ट्रक्चरमधून एक पॉइंटर उचलला होता आणि त्याच्या पुढे सोळा बाइटवरचं फील्ड वाचायला गेले होते. पाहोल (स्ट्रक्चरमधलं कोणतं फील्ड कुठे आहे ते दाखवणारं साधन) चालवून पाहिलं. सोळाव्या बाइटवर कोणतं फील्ड आहे ते कळलं आणि डीकोड केलेली ओळही त्याचीच होती. दोन वेगळ्या वाटांनी एकाच दारात पोहोचल्यावर मला पहिल्यांदा विश्वास वाटला.

मेमरी मोकळी कोणी केली ते उघड होतं : वायर काढल्यावर चालणाऱ्या डिस्कनेक्ट फंक्शनने. पण त्यात मी कॅन्सल-वर्क-सिंक लिहिलेलं होतं! ते रांगेतलं काम रद्द करतं आणि चालू असलेलं संपेपर्यंत थांबतं. मग काम पुन्हा जिवंत कसं झालं?

इथे केसॅन, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन, लावलं. दर आठ बाइटमागे एक बाइट ते स्वतःच्या हिशोबासाठी घेतं आणि मशीन रखडतं, पण त्याचा रिपोर्ट मनकवडा असतो : मेमरी कुठे वापरली, कोणी मागितली, कोणी सोडली. त्याखाली आणखी एक भाग होता, या मेमरीशी संबंधित काम शेवटचं कोणी रांगेत टाकलं याचा. त्यात यूआरबी (यूएसबीवरून माहिती नेण्या-आणण्याची विनंती) पूर्ण झाल्यावर चालणाऱ्या माझ्याच कॉलबॅकचं नाव होतं.

मी आधी काम रद्द करत होते आणि नंतर यूआरबी मारत होते. मधल्या फटीत शेवटचा कॉलबॅक येऊन काम परत रांगेत टाकायचा. त्यानंतर स्ट्रक्चर मोकळं व्हायचं. काम तोवर सुरू झालं असेल तर क्रॅश माझ्या फंक्शनमध्ये, रांगेतच असेल तर वर्कक्यूच्या लिस्टमध्ये. दुरुस्ती म्हणजे दोन ओळींची अदलाबदल. आधी यूएसबी-किल-यूआरबी, मग कॅन्सल-वर्क-सिंक.

वायर ३०० वेळा काढून-घालून पाहिली, रिपोर्ट आला नाही. पुढच्या आठवड्यात मात्र वेगळाच क्रॅश झाला. बिल्ड आयडीवरून फोल्डर उघडलं, रिपोर्ट स्क्रिप्टमधून काढला, पाच मिनिटांत ओळ समोर. ती ओळही मीच लिहिलेली होती.