राहिलेला पिक्चर

हॉलिवूडच्या चित्रपटाला मुळात मध्यंतर नसते. ते आपल्याकडे चित्रगृहात घातले जाते, आणि त्याची जागा वितरकाने कळवली नसेल तर ती शोधण्याचे काम प्रोजेक्शन रूममधल्या माणसावर येते. कोल्हापुरातल्या एका चित्रगृहात मी हे काम बरीच वर्षे करीत आहे. चित्रपट कुठे थांबवला तर प्रेक्षक रागावणार नाही, हे हेरत पाहण्याची सवय लागल्यामुळे कथेची बांधणी माझ्या नजरेत जरा लवकर भरते.

सुपरहिरोंच्या चित्रपटांत ही जागा पूर्वी सहज सापडत असे. 2002 च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये पीटरला कोळी चावतो, काकांचा जीव जातो आणि मग तो पोशाख चढवतो, 2008 च्या ‘आयर्न मॅन’मध्ये गुहेतून निसटलेला टोनी स्टार्क घरी येऊन लाल-सोनेरी चिलखत घडवतो. साध्या माणसाचा नायक झाला की दिवे लावायचे आणि चहा-वड्यानंतर खलनायकाचा निकाल लावायचा, असा तो सरळ हिशेब होता. या हिशेबाला पहिला खरा धक्का बसला तो 1 जून 2023 रोजी.

‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात मराठीसह दहा भाषांत त्या दिवशी लागला; आमच्याकडे हिंदी आवृत्ती आली होती. चित्रपटाची फाइल कुलूपबंद येते आणि ती उघडणारी ‘की’ ठरलेल्या वेळेआधी चालत नाही, त्यामुळे पहिल्या खेळापूर्वी जेमतेम एकदा पाहून घेण्याइतकीच सवड मिळाली. पाहताना एका ठिकाणी हात थबकला. समांतर विश्वांतल्या अनेक स्पायडर-मॅनपैकी एक, गिटारवाला हॉबी, पडद्यावर आला आणि त्याची हालचाल अडखळू लागली. चित्रपट चालवणारा सर्व्हर अडकतो आहे की काय, असे वाटावे असाच तो प्रकार होता. पण त्याच्या शेजारची पात्रे सुरळीत हलत होती, तेव्हा दोष यंत्राचा नव्हता. त्या पात्राचे शरीर, जाकीट आणि गिटार मुद्दामच वेगवेगळ्या गतीने हलवलेले आहेत, आणि कोणाचेच ऐकायचे नाही असा त्याचा स्वभाव त्या अडखळण्यातूनच उभा राहतो. ग्वेन या स्पायडर-वुमनच्या जगात तर भिंतींचे रंग तिच्या मनःस्थितीप्रमाणे जलरंगासारखे ओघळतात. जे सांगायला पूर्वी संवाद लागत, ते इथे चित्राच्या पोताकडे सोपवलेले होते.

खरी अडचण कथेत होती. माइल्स मोरालेस आधीच्या, 2018 च्या चित्रपटातच नायक झालेला असल्यामुळे ‘तो नायक कसा झाला’ हा प्रश्न इथे उरलेलाच नव्हता. उलट मिगेल ओहारा नावाचा दुसरा स्पायडर-मॅन त्याला बजावतो की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या वाट्याला ठरावीक दुःखे यावीच लागतात, जवळचा एखादा पोलीस कॅप्टन गमवावाच लागतो, आणि ते टाळले तर ते अख्खे विश्व कोसळते. माइल्सचे वडील लवकरच कॅप्टन होणार असतात. जी मृत्यूची कथा 2002 साली प्रेक्षकांनी डोळे पुसत स्वीकारली होती, तीच इथे नियमाचे पुस्तक होऊन नायकाची वाट अडवते आणि तो ती मानायला नकार देतो. सुपरहिरोपट आपल्याच साच्याशी असा उघड भांडताना मी तोवर पाहिला नव्हता.

शेवटी मध्यंतर मुंबई आणि मॅनहॅटनच्या मिश्रणातून रचलेल्या मुंबॅटनमधल्या प्रसंगानंतर ठेवले. तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर याला हिंदीत क्रिकेटपटू शुभमन गिलचा आवाज असल्याने शिट्ट्या पडणार हे उघडच होते, आणि तिथेच माइल्स मरण ठरलेल्या इन्स्पेक्टर सिंग यांना वाचवून तो नियम प्रथम मोडतो.

संध्याकाळच्या खेळाला, शाळांना अजून सुट्टी असल्यामुळे, पोराबाळांची गर्दी होती. 140 मिनिटे संपत आली तेव्हा माइल्स घरी म्हणून भलत्याच विश्वात पोहोचला होता, तिथे वडील आधीच गेलेले, समोर त्याचाच दुसरा अवतार उभा आणि हा जखडलेला. तिकडे ग्वेन त्याला शोधायला मित्र जमवते आणि पडद्यावर ‘पुढे चालू’ अशा अर्थाची पाटी येते. मी दिवे लावले, तरी निम्मे लोक खुर्च्यांतून हलेनात. काही जण बाहेर जाऊन येऊन पुन्हा बसले, कारण त्यांना हे दुसरे मध्यंतर वाटले होते. दाराशी कागलहून नातवाला घेऊन आलेले एक वृद्ध गृहस्थ उभे होते.

“काय ओ, राहिलेला पिक्चर कधी दावणार?”

पुढचा भाग मार्चमध्ये येणार असे जाहीर झाले आहे, असे मी सांगितले.

“मार्चात? फडात वग असा मधीच सोडला असता, तर लोकांनी राहुट्या उपटल्या असत्या!”

नातू म्हणाला, “आजोबा, संपला की पिक्चर. त्यानं नियम पाळायचा न्हाई असं ठरवलं न्हवं? आता नुसती मारामारी राहिल्या.”

“अरं, मारामारीचंच तर पैसं दिल्यात!”

त्या नातवाचे निदान मला पटले, तक्रार मात्र आजोबांची खरी होती. 2018 चा ‘इन्फिनिटी वॉर’ही अर्ध्यावर तुटतो, पण त्यात खलनायक थानोसची गोष्ट पुरी होते, त्याला हवे ते करून तो शांत बसतो आणि प्रेक्षक हादरलेला असला तरी फसवल्यासारखा घरी जात नाही. स्पायडर-व्हर्समध्ये मनाचा निर्णय पुरा झाला होता आणि घटना अर्धवट होत्या, आणि तिकीट काढून आलेला माणूस आधी घटनांचाच हिशेब मागतो. मार्चचा तो वायदाही पुढे 2027 पर्यंत लांबला.

2023 च्याच नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘द मार्व्हल्स’ने वेगळाच पेच आणला. त्याच्या तीन नायिकांपैकी दोघींची ओळख मुख्यतः आधीच्या वेब मालिकांतून झालेली असल्याने मध्यंतरात ‘ही कोण?’ या प्रश्नाला उत्तर देणारे पोरही आता सापडेना. 2008 पासून श्रेयनामावलीनंतरच्या तुकड्यासाठी लोकांना थांबवून ठेवणाऱ्या, आणि आमच्या झाडलोटवाल्यांना ताटकळत ठेवणाऱ्या, मार्व्हलच्या या एकमेकांत गुंफलेल्या चित्रपटांच्या साखळीची एवढी ओढ कशी सैल झाली, हे मला त्या खेळांच्या मोकळ्या खुर्च्यांनी सांगितले.

जुलै 2025 मधल्या ‘सुपरमॅन’ने मात्र वेगळी वाट धरली. ग्रह फुटणे नाही, यानातले बाळ नाही. सुरुवातीच्या मोजक्या ओळींत पार्श्वभूमी उरकून तीन मिनिटांपूर्वी तो पहिल्यांदाच हरला आहे एवढे सांगायचे आणि बर्फात आपटलेल्या नायकापासून गोष्ट सुरू करायची. मध्यंतराची जागा मला याही वेळी चटकन सापडली नाही. तरी त्या दिवशी जिन्यात उभा राहून ऐकले तर नायकाबरोबरच्या कुत्र्यावर हसणे चालले होते आणि तो हरलाच कसा यावर वाद. तो कुठून आला, हे कोणी कोणाला विचारत नव्हते.