काका आणि पोरं, रिफ एकच

आज कोल्हापूरच्या राजारामपुरीत जॅमिंग (एकत्र जमून मोकळं वाजवणं) ऐकलं. पन्नाशीतले काका काय, अकरावीतली पोरं काय, गिटार हातात आली की पहिलं तेच रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी धून: डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चं, १९७२ च्या 'मशीन हेड' अल्बममधलं. सोपं वाटतं म्हणूनच टिकलंय, आणि म्हणूनच बिघडतं. पोरं पिकनं (तार छेडायच्या छोट्या पत्रीनं) पॉवर कॉर्ड, म्हणजे दोन-तीन तारांचे जाड सूर, ओढतात, आवाज गढूळ होतो. मूळ गाण्यातला गिटारवादक रिची ब्लॅकमोर डी आणि जी या दोनच तारा बोटांनी एकदम उचलतो. आधी मोकळ्या, मग तिसरा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर), मग पाचवा; दुसऱ्या फेरीत सहाव्याला निसटता स्पर्श. अँपचा गेन (आवाज खरखरीत करणारं बटण) निम्म्यावरच ठेवा. नवीन तारा हातानं ताणून मगच ट्यून करा, नायतर अर्ध्या गाण्यात सुरातून उतरतात. पावसाळ्यात वाजवून झालं की सुक्या फडक्यानं पुसायच्या, गंजतात. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ११२ ठोक्यांच्या आसपास लावा. ड्रमर मात्र दोन्ही पिढ्यांचा लयीच्या पुढं पळतोच, त्याला इलाज नाही!