ओढ्याकाठचे कडुनिंब

२३ ऑगस्ट, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कॅथरीन गावाच्या पश्चिमेला

आज नऊ कडुनिंब तोडले. हाताला अजून तो कडवट वास आहे.

घराभोवतीची बाग बोअरच्या पाण्यावर जगते. एप्रिलअखेरीला पाऊस गेला की नोव्हेंबरपर्यंत आभाळाकडे बघायचं नाही. आंबे, बोगनवेल, चाफा आणि अंगणभर सावली धरणारा पर्जन्यवृक्ष. आल्या दिवशी चाफ्याखाली उभी राहिले तर आजोळी आल्यासारखं वाटलं. हिरवळही निव्वळ शोभेची नाही. रानातला वणवा घरापर्यंत येऊ नये म्हणून ती ओली ठेवायची.

कडुनिंबही असाच सावलीसाठी कुणीतरी लावलेला. पाखरांनी लिंबोळ्या खाल्ल्या, बिया ओढ्यावर नेल्या. इथे, ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतात, तो कायद्याने तण ठरला आहे. मालकीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला रागच आला होता. पाडव्याला ज्याचा पाला गुळाबरोबर खायचा, गुढीला ज्याची डहाळी बांधायची, तो तण? त्यांनी वाद घातला नाही, ओढ्यावर नेलं. कडुनिंबांच्या दाट सावलीत जमीन उघडी पडली होती. थोडं पुढे, जिथे तो पोचला नव्हता, तिथे केवड्याच्या कुळातला पँडॅनस, गुडघाभर गवत, पाखरांचा कलकलाट. मी गप्प परतले.

नुसतं तोडून भागत नाही, मुळांतून फुटवे येतात. कापल्या कापल्या बुंध्याला तणनाशक औषध फासावं लागतं. पहिल्या झाडाला माझा हात थबकला, हे लिहून ठेवते.

पण या रानात माझं कुणी नाही असंही नाही. काकाडू प्लम म्हणतात ते झाड आपल्या हिरडा-बेहडा-अर्जुनाच्या गोतातलं. आणि आज परतताना खडकाळ चढावर, पान नसलेल्या काटक्यांवर पिवळीधमक फुलं दिसली. सोनसावर! इथली जात ठेंगणी, झुडपासारखी, नाव कापोक बुश. पण फूल तेच, निष्पर्ण फांदीवर फुलायची तऱ्हा तीच. कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. इथले आदिवासी या फुलांवरून ऋतू ओळखतात: ती फुलली की गोड्या पाण्यातल्या मगरींची अंडी घालायची वेळ.

उद्या ओढ्याच्या खालच्या अंगाला जायचं आहे. तिथे अजून बरेच कडुनिंब आहेत. वाळूत मात्र पाय जपून टाकायला हवा.