वाकडा रेणू

नववीत असताना एका दुपारी मी हायड्रोजन झाले होते. विज्ञानाच्या बाईंनी अख्खा वर्ग मैदानावर नेला, तिघातिघांचे गट केले आणि सांगितलं, मधला ऑक्सिजन आणि त्याचे हात धरणारे दोघं हायड्रोजन. आम्ही कवायतीच्या सवयीने सरळ रेषेत उभे राहिलो. बाई फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक घेऊन आल्या. आमच्या गटातल्या ऑक्सिजनचे दोन्ही हात त्यांनी पुढे ओढले, कोनमापक लावला आणि म्हणाल्या, "इतकं. 104.5 अंश. पाण्याचा रेणू वाकडा असतो, आणि तो वाकडा आहे म्हणून आपण आहोत."

पुस्तकात पाण्याचे गुणधर्म थोडक्यात आटोपले होते. बाईंनी मात्र ते एक वाक्य हिवाळाभर शिकवलं.

ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे त्याच्या बाजूला किंचित ऋण प्रभार येतो, हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींत फिटून गेली असती, कार्बन डायऑक्साइडमध्ये फिटते तशी. वाकडा असल्यामुळे पाण्याच्या रेणूला दोन वेगळी टोकं मिळाली, आणि एकाचा हायड्रोजन शेजारच्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जाऊ लागला. हाच हायड्रोजन बंध. मैदानावर तो असा होता: माझा एक हात माझ्या ऑक्सिजनच्या हातात घट्ट, दुसरा शेजारच्या गटातल्या ऑक्सिजनच्या खांद्यावर, अगदी हलका. बाईंनी टाळी वाजवली की तो खांदा सोडायचा आणि दुसरा धरायचा. फक्कीने आखलेल्या वर्तुळात आम्ही असे दाटीवाटीने फिरत होतो. हे झालं पाणी. मग बाई ओरडल्या, "बर्फ!" आता खांदा सोडायचा नाही, हात ताठ ठेवायचा. सहा-सहा ऑक्सिजनची कडी तयार झाली, मधे मोकळ्या जागा राहिल्या आणि कडेची मुलं फक्कीच्या बाहेर गेली. मुलं तेवढीच, पण वर्तुळात मावेनात. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो, हे मला त्यानंतर कधी पाठ करावं लागलं नाही.

खांद्यावरच्या त्या हलक्या हाताची किंमतही बाईंनी सांगितली होती. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे 60 अंशांनाच उकळून जातो, कारण त्याच्यात असे हात धरलेले नसतात. पाण्यातही ते नसते तर आपल्या गोदावरीची वाफ कधीच होऊन गेली असती.

पुढच्या आठवड्यात होपच्या उपकरणाचा प्रयोग झाला, पाणी थंड होताना कसं वागतं ते बघायचा. बर्फ निफाडहून लाकडाच्या भुशात गुंडाळून आणला होता. उभं भांडं, त्याला वर एक आणि खाली एक तापमापी, आणि मधोमध बसवलेल्या गोल पसरट भांड्यात बर्फ आणि खडेमीठ. दर दोन मिनिटांनी आकडा वाचायचं काम माझ्याकडे होतं, खालच्या तापमापीचं. आधी माझाच पारा उतरू लागला. वरची मैत्रीण तोच तो आकडा सांगत राहिली. माझा पारा 4 अंशांवर आला आणि थांबला. मी पुन्हा पुन्हा डोळा लावून बघत होते, तो हलेना. आणि मग वरचा पारा घसरायला लागला, 4 च्या खाली गेला, पार शून्याला टेकला. 4 अंशांचं पाणी सगळ्यात जड, म्हणून ते तळाला बसतं आणि त्याहून थंड पाणी वर येतं. 1805 साली हा प्रयोग जगापुढे मांडणाऱ्या थॉमस चार्ल्स होप यांनीही असाच तो थांबलेला पारा बघितला असेल, असं मला अजून वाटतं.

त्याच थंडीत आमची सहल नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेली. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हा मला त्या सहलीची आठवण झाली. पाण्यावर थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक. हे पाहुणे इतक्या लांबून इथे का येतात, असं कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "त्यांच्या उत्तरेतल्या तळ्यांवर आता बर्फाचं झाकण पडलंय, त्यांना चोच घालायला जागा नाही. पण त्या तळ्यांतले मासे कुठे गेलेत? ते तिथेच आहेत, झाकणाखाली, तळाच्या 4 अंशांच्या पाण्यात." आदल्या आठवड्यातला माझा न हलणारा पारा त्या क्षणी मला हजारो मैलांवरच्या एखाद्या तळ्याच्या तळाशी दिसला. बर्फ जड असता तर तो बुडाला असता, थरावर थर साचून तळं खालून वर गोठत आलं असतं आणि आतलं काहीच वाचलं नसतं.

घरी आमची द्राक्षबाग होती. निफाडची थंडी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पारा खाली गेला की घड धरलेल्या बागेत मण्यांना तडे जातात आणि वर्षाचं उत्पन्न हातचं जातं. अशा पहाटे आई बांधावर शेकोट्या पेटवायची आणि दादा विहिरीची मोटार चालू करायचे. कडाक्याच्या थंडीत झाडांना पाणी कशाला, हे मला तोवर कळलेलं नव्हतं. त्या वर्षी मी वही घेऊन बसले. एक लिटर पाणी 1 अंशाने निवताना 1 किलोकॅलरी उष्णता सोडतं. तेवढ्याच वजनाचं लोखंड जेमतेम तिचा नववा हिस्सा सोडेल. विहिरीचं पाणी बागेत येऊन 15 अंशांनी निवलं तर लिटरमागे 15 किलोकॅलरी बागेला मिळाल्या. आणि गोठायची वेळ आलीच, तर गोठता गोठता ते आणखी 80 देऊन जाणार. मी हे दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आम्हाला आकडा माहीत नव्हता, पण पाणी ऊब देतं हे माहीत होतं." पहाटे पाटातल्या पाण्यावरून वाफ निघताना मी नंतर कितीदा बघितली आणि दर वेळी ती बेरीज मनात झाली.

व्हरांड्यातल्या माठाबद्दल लिहायला हवं, पण तो विषय सगळ्यांना पाठ आहे. एवढंच सांगते की उन्हाळ्यात एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 580 किलोकॅलरी सोबत नेतं. माठ गार होतो तो त्याच हिशेबाने, आणि छाटणी करणाऱ्या मजुराचं अंग घामाने तापापासून वाचतं तेही त्याच हिशेबाने.

आज मी डायलिसिस तंत्रज्ञ आहे, म्हणजे मूत्रपिंडं थांबलेल्या रुग्णांचं रक्त यंत्राने साफ करते. माझी सकाळ आरओच्या, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या, खोलीत सुरू होते. पहिली शिफ्ट लागायच्या आधी नळीत पाण्याचा नमुना घ्यायचा, क्लोरिन तपासायचं, हार्डनेस म्हणजे पाण्याचा जडपणा तपासायचा आणि वहीत लिहून सही करायची. चार तासांच्या एका डायलिसिसला मिनिटाला 500 मिलिलिटर या वेगाने 120 लिटर द्रव लागतो. आठवड्यातून तीनदा येणाऱ्या रुग्णाच्या रक्ताशेजारून 360 लिटर पाणी जातं, मधे फक्त एक पातळ पडदा. पाणी सगळ्यांना आपल्यात घेतं, हे त्याचं मोठेपण आणि इथे तोच धोका. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन, म्हणजे जंतू मारायला वापरतात ते क्लोरिनचं संयुग, पडद्यातून पलीकडे गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून तपासणी चुकवायची नाही, एक दिवसही नाही.

मिठाचा खडा पाण्यात पडला की सोडियम आणि क्लोराइड यांची एकमेकांवरची ओढ सुमारे 80 पटींनी कमी होते, कारण पाण्याचे रेणू आपली योग्य ती टोकं वळवून प्रत्येक आयनाला, म्हणजे प्रभार असलेल्या कणाला, घेरून उभे राहतात. आपलं रक्त आहे ते यामुळेच. साखर, क्षार, युरिया, सगळं पाण्यात विरघळून वाहतं आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतं. तेला-तुपाशी मात्र पाणी जमवून घेत नाही, आणि पेशीचं कुंपण नेमकं त्याच जातीच्या मेदाचं बनलेलं असतं. आत एक पाणी, बाहेर एक पाणी, मधे पाण्याला नको असलेली भिंत. बाई हे सांगायच्या तेव्हा आम्ही मान डोलवायचो. मूत्रपिंडं थांबलेला माणूस रोज समोर बघायला लागल्यावर मला ते खरं कळलं.

आमच्याकडे येणारे एक आजोबा द्राक्षवालेच. त्यांना दिवसाला मोजून पाणी प्यायची परवानगी, लघवीच होत नाही तर पिणार किती? तहान लागली की ते बर्फाचा एक खडा तोंडात धरतात आणि डोळे मिटून तो विरघळू देतात. एकदा त्यांनी विचारलं, "ताई, मला घोटभर देत नाही आणि यंत्राला एवढं पाणी पाजता, ते का?" मी त्यांच्या उशाशी बसून हाताने रेणू करून दाखवला, अंगठा आणि तर्जनी फाकवून. पडद्यापलीकडचं पाणी रक्तातला युरिया कसा आपल्यात घेतं, ते सांगितलं. ते बराच वेळ आपली बोटं तशी फाकवून बघत राहिले.

बाईंच्या त्या कोनमापकावर 104.5 च्या जागी निळ्या शाईची एक बारीक रेघ होती. आपल्या शाळेच्या महोत्सवाला येईन तेव्हा प्रयोगशाळेचं कपाट उघडून ती अजून आहे का ते मला बघायचं आहे.