शेठ, दोन रकाने आखलेत

मंगलदास मार्केटमधल्या एका कापड दुकानाचे हिशेब मी सतरा वर्षं लिहितेय. १ जुलै २०१७ला जीएसटी लागला तेव्हा शेठ रोज टीव्हीवर कुणाचं तरी ऐकून यायचे आणि विचारायचे, "ताई, खरं कोण बोलतंय?"

मी जुन्या वहीत दोन रकाने आखले: सत्तेत असताना, विरोधात असताना. २०११मध्ये काँग्रेसच्या सरकारने जीएसटीचं घटनादुरुस्ती विधेयक आणलं, तेव्हा भाजपचं गुजरात सरकार अडून बसलं होतं. पुढे भाजपनेच तो लागू केला, तर राहुल गांधी म्हणाले 'गब्बर सिंग टॅक्स'!

मला आकडा देणारा माणूस बरा वाटतो. नोटाबंदीने जीडीपी दोन टक्क्यांनी घसरेल, असं मनमोहन सिंग राज्यसभेत म्हणाले. सरकारी आकड्यांत त्या वर्षी तसं दिसलं नाही. पण निदान तपासता तरी आलं. काळा पैसा बुडेल म्हणणाऱ्यांचंही तपासलं: बंद केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१८मध्ये सांगितलं.

शेठनी वही चाळली. "मग खरं कोण?"

मी हिशेबाचं सॉफ्टवेअर, टॅली, उघडलं. वीस तारीख होती, रिटर्न भरायचा होता.