एक कान वावरात

१८ जानेवारी, रात्र

या आठवड्यात रात्रीची लाईन आहे. हरभऱ्यात स्प्रिंकलर सुरू आहेत आणि पहाटेपर्यंत मचाणावरून उतरायचं ते फक्त पाईप बदलायला. जागलीच्या अशा रात्रींत मी अल्बम ऐकतो. उजव्या कानात वायरचा इयरफोन, डावा कान मोकळा. रानडुकरं धुऱ्याकडून तुरीत शिरली तर ती खसखस कळायला हवी. फोनमध्ये मोनो ऑडिओचं सेटिंग असतं. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येतो. अल्बम घरूनच डाऊनलोड करून आणावे लागतात, इथे रेंज नसते.

असं ऐकता ऐकता माझं एक मत पक्कं झालंय, ते आज लिहून ठेवतो. अँबियंट, म्हणजे मागे मंद वाजत राहून जागेत मिसळून जाणारं संगीत, या नावाखाली जे ढिगानं मिळतं, त्यातलं बरंचसं एका कानानं ऐकलं की गळून पडतं. गोड असतं, झोपही आणतं. पण मोकळ्या कानातून जे येत असतं त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. चांगला अल्बम मोकळा कान तेज करतो. तो बंद केल्यावर वावर आधीपेक्षा जास्त ऐकू येतं. माझ्यापुरती कसोटी हीच, आणि तिच्यावर काही मोठी नावं उतरत नाहीत.

सुरुवात ब्रायन ईनोपासूनच करायला हवी. अँबियंट हे नाव रूढ करणारा इंग्रज संगीतकार तोच. १९७५ मध्ये लंडनमध्ये त्याला टॅक्सीनं उडवलं आणि तो अंथरुणाला खिळला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीनं हार्पच्या जुन्या संगीताची रेकॉर्ड लावून दिली आणि ती गेली. आवाज फार कमी होता, स्टिरिओची एक बाजू बंद होती, आणि उठून ते नीट करण्याची ताकद त्याच्यात नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. पावसातून अधूनमधून वर येणारे सूर तो तसेच ऐकत राहिला. त्याच वर्षी त्यानं ‘डिस्क्रीट म्युझिक’ हा अल्बम काढला. मला ही हकीकत फार जवळची वाटते, कारण तोही एका बाजूनंच ऐकत होता आणि बाहेरचा आवाज मिसळलेलाच होता.

तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ आला. त्यातला दुसरा तुकडा बायकांच्या आवाजातल्या लांब सुरांचा आहे. प्रत्येक सूर टोकं जोडलेल्या टेपच्या वेगळ्या लांबीच्या फेऱ्यावर फिरतो: एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास २६ सेकंदांनी, तिसरा जवळपास ३० सेकंदांनी. लांबी जुळत नाही, म्हणून तेच सूर दर वेळी वेगळ्या गाठीत भेटतात. इथे हे समजायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. समोर स्प्रिंकलरचे नोझल आपापल्या गतीनं फिरत असतात. कधी दोन एकदम वाजतात, मग लांब जातात, मग तिसरा त्यांच्यात येतो. हा तुकडा लावला की थोड्या वेळानं इयरफोनमधलं कोणतं आणि हरभऱ्यातलं कोणतं, हे वेगळं करावंसंच वाटत नाही. पहिला तुकडा, पियानोचा, लोकांना जास्त आवडतो. मला तो जरा सजवलेला वाटतो. दुसऱ्याची सर त्याला नाही.

शेजारच्या वावरात बॅटरीवरचा भोंगा आहे. त्यात माणसाचं हाकारणं, कुत्र्यांचं भुंकणं आणि फटाके भरलेले आहेत आणि तोच तुकडा रात्रभर फिरतो. सुरुवातीचे काही दिवस डुकरं फिरकत नाहीत. मग त्यांना कळतं की हा माणूस दर वेळी तेच, तसंच ओरडतो आणि कधी जवळ येत नाही. त्यानंतर ती भोंग्याखाली उभी राहून घाटे खातात. भोंगा मेमरी चिपवर चालतो. हजार वेळा वाजला तरी त्यात तसूभर फरक पडत नाही, आणि म्हणूनच तो कुणी ऐकत नाही.

अमेरिकन संगीतकार विल्यम बासिन्स्कीचे ‘डिसइंटिग्रेशन लूप्स’ मी या भोंग्याच्या आवाजातच ऐकले. १९८२ मध्ये त्यानं टेपवर काही छोटे फेरे करून ठेवले होते. २००१ च्या उन्हाळ्यात त्या टेप कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या, तर टेप फिरता फिरताच तिच्यावरचा लोहाचा लेप झडायला लागला. त्यानं मशीन थांबवलं नाही. पहिला तुकडा तासाभराहून थोडा मोठा आहे. काही सेकंदांची एकच धून, शिंगासारख्या वाद्याची, आणि मागे एक बोजड ठोका. ती परत परत येते. बराच वेळ काही घडत नाही असं वाटतं. मग ठोका जरा पोकळ होतो, सुराची कड तुटते, मधे मधे मोकळी जागा पडते, आणि शेवटी धुनीपेक्षा ती जागाच जास्त उरते. प्रत्येक फेऱ्याला काहीतरी कायमचं गेलेलं असतं, त्यामुळे पुढचा फेरा ऐकावाच लागतो. दोन्ही कानांना एकाच वेळी दोन फेरे ऐकू येत होते, एक न झिजणारा आणि एक झिजत चाललेला. डुकरांचं वागणं मला त्या रात्री पूर्ण पटलं.

या अल्बमला न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबरची गोष्ट चिकटलेली आहे. काम संपत आलं असतानाच तो हल्ला झाला, त्यानं ब्रुकलिनच्या गच्चीवरून धुराचं चित्रण केलं आणि संगीत मृतांना अर्पण केलं. हे सगळं खरं आहे आणि दुःखाचं आहे. तरी मला वाटतं की ही गोष्ट आधी सांगून अल्बम ऐकवू नये. ऐकणारा मग धूरच शोधत बसतो आणि टेपचं काय होतंय याकडे त्याचं लक्ष राहत नाही.

सगळ्यात वरचा अल्बम कोणता असं कुणी विचारलं तर मी ‘रुइन्स’ म्हणेन. ग्रूपर या नावानं गाणाऱ्या लिझ हॅरिसचा, २०१४ चा. पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळच्या अल्जेझूरला ती २०११ मध्ये राहिली होती, तिथेच हा जवळपास सगळा रेकॉर्ड झाला. एक पियानो, एक चार ट्रॅकचा छोटा टेप रेकॉर्डर आणि तिचा आवाज, बस. मागे बेडूक ऐकू येतात, पाऊस येतो. त्यातल्या ‘लॅबिरिंथ’ या तुकड्याच्या शेवटाकडे अचानक एक बीप वाजतो. वादळानं वीज गेली होती. ती परत आली आणि घरातला मायक्रोवेव्ह बोलला. तिनं तो बीप काढून टाकला नाही. दुसऱ्या कुणी तुकडा परत वाजवून घेतला असता. लाईन आली की आमच्या घरी स्टॅबिलायझर खट्‌ करतो, फ्रिज घुरघुरायला लागतो आणि वावरात मोटर उठते. वीज परत येण्याला आवाज असतो हे इथल्या लेकरालाही ठाऊक आहे. पण रेकॉर्डवर तो आवाज मी पहिल्यांदा तिच्याकडे ऐकला आणि मला भरून आलं. तिचे शब्द नीट कळत नाहीत, पुटपुटल्यासारखे आहेत. ते कळावेत म्हणून आवाज वाढवण्याचा मोह होतो. वाढवू नये. ती जितक्या हळू गाते तितक्याच हळू ऐकावं.

शूगेझ मात्र मचाणावर अजिबात चालत नाही. गिटारच्या पेडलांकडे बघत, मान खाली घालून वाजवणाऱ्या १९९० च्या आसपासच्या ब्रिटिश पोरांचं हे संगीत. त्याला भिंती लागतात, मोठा आवाज लागतो आणि दोन्ही कान लागतात. त्याची वेळ आमच्याकडे मे महिन्यातली दुपार. पारा ४५ च्या वर, दारं लावलेली, कूलर पूर्ण वेगात. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘लव्हलेस’ (१९९१) मी अशा दुपारीच ऐकतो, जुन्या डेकच्या दोन मोठ्या स्पीकरांवर. त्यांचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा, म्हणजे तारांचा ताण बदलणारा दांडा, हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे सूर एका जागी उभा राहत नाही, सतत कलत असतो. लोकांना वाटतं शेकडो गिटार एकावर एक चढवल्यात. त्याचं स्वतःचं म्हणणं आहे की ट्रॅक अगदी थोडे होते. गायिका बिलिंडा बुचरचा आवाज मुद्दाम आत दाबलेला आहे, त्यामुळे कूलरच्या घरघरीत दुसऱ्या कोणत्याही गाण्याचं जे नुकसान होईल ते याचं होत नाही. ‘टू हिअर नोज व्हेन’ला तर आमचे पत्रे बारीक थरथरतात. अल्बमला दोन वर्षं आणि कितीतरी स्टुडिओ लागले. ऐकताना वाटतं, लागणारच.

स्लोडाईव्ह या शूगेझ बँडबद्दल माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. सगळे ‘सुवलाकी’ (१९९३) डोक्यावर घेतात, त्यात दोन गाण्यांवर ईनोचा हातही आहे. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण १९९५ चा ‘पिग्मॅलियन’ त्याहून कितीतरी पुढे गेला. गिटारची भिंत त्यांनी स्वतःच पाडली, ‘रुट्टी’ दहा मिनिटं जवळजवळ रिकाम्या जागेत चालतं. रेकॉर्ड कंपनीनं त्यानंतर लगेच त्यांना काढून टाकलं. शूगेझमधला हा एकच अल्बम मी जागलीवर नेतो आणि तो तिथे टिकतो.

बाबा भजनी मंडळात खंजिरी वाजवतात, तुकडोजी महाराजांची भजनं त्यांना पाठ आहेत. परवा मी कॉक्टो ट्विन्स या बँडचा ‘ट्रेझर’ (१९८४) लावला होता तेव्हा ते दारात थांबले.

“ही बाई कोणच्या भाषेत गाऊन राह्यली?”

“नेमकी कोणतीच नाही, बाबा. आवाजासाठी शब्द घेते ती.”

“मंग बरोबर आहे. आलापाले कुठं भाषा लागते?”

आणि खाटेवर बसून त्यांनी पुढचं गाणं पूर्ण ऐकलं. या गायिकेवर, एलिझाबेथ फ्रेझरवर, मी पुष्कळ वाचलंय, पण इतक्या सरळपणे तिच्याकडे कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. तसंही या संगीताचं एक मूळ आपल्याच बाजूला आहे. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि तिथले संगीतकार ला मॉन्टे यंग, टेरी रायली त्यांचे शिष्य झाले. एकच सूर तासन्‌तास धरून त्याच्या आत काय आहे ते बघायचं, हे त्या लोकांनी तानपुऱ्याजवळ बसून पक्कं केलं. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाईन संस्थेत, तर १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर, विजेवर सूर तयार करणारं वाद्य, आला होता. तिथल्या टेप २०२३ मध्ये अल्बम म्हणून निघाल्या. काही तुकडे नुसते सरावाचे आहेत, पण ते वाजवणाऱ्यांची उत्सुकता आजही जाणवते.

ॲफेक्स ट्विनचा ‘सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स, खंड २’ (१९९४) रात्री वावरात लावू नये. भीती वाटते आणि ती उपयोगाची नाही. गास या नावानं वाजवणाऱ्या वोल्फगांग फोइग्टचा ‘पॉप’ (२०००) जर्मनीतल्या कोलोनजवळच्या जंगलातून आलाय; त्यातलं जंगल ओलं आहे, आमच्या नाल्यापलीकडचं सागाचं कोरडं, पानावर ससा चालला तरी कळतं. दोन्ही एकत्र बसत नाहीत. टिम हेकरचा ‘रेव्हडेथ, १९७२’ (२०११) आइसलँडमधल्या रेक्याविकच्या चर्चमधल्या ऑर्गनवर उभा आहे आणि जबरदस्त आहे, पण तो घरीच, दार लावून.

सध्या रोज लावतोय तो ईनोचाच ‘ऑन लँड’, १९८२ चा. तुकड्यांना जागांची नावं आहेत आणि आत बेडूक, किडे, कावळे मिसळलेले आहेत. ते इतके खोल ठेवलेत की आधी वाटतं आवाज डाव्या कानातूनच आला. दोनदा मी टॉर्च मारून पाहिला. ‘एअरपोर्ट्स’ला जो मान मिळतो तो याला मिळायला हवा होता. ईनो ज्यांनी ऐकलाच नाही त्यांनी सुरुवात इथूनच करावी, पहिल्या ‘लिझर्ड पॉइंट’पासून, उघड्यावर आणि आवाज अगदी कमी ठेवून.